चार ग्रामपंचायती ते महासभा : पिंपरी चिंचवड महानगरपालिकेची वाटचाल

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते. पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी निगडीमार्गे पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा पिंपरी चिंचवडच्या हद्दीत शिरतो, तेव्हा वाटेवर पाण्याचे टँकर उभे असतात, फिरती शौचालये मांडलेली असतात, वैद्यकीय पथके सज्ज असतात, महापालिकेच्या शाळांच्या खोल्या वारकऱ्यांना मोकळ्या केलेल्या असतात. या प्रत्येक सोयीसाठी आधी कुठेतरी तरतूद झालेली असते, तिला मंजुरी मिळालेली असते आणि दिंड्यांची संख्या वाढते तसतशी ती वाढवून मागितलेली असते. वारकऱ्याच्या हातातल्या पाण्याच्या ग्लासामागे सभागृहातला ठराव असतो.

सुवर्णमहोत्सव ओलांडून सहाव्या दशकात आलेल्या या संस्थेचा इतिहास पुष्कळदा रस्ते, पूल आणि इमारती मोजून सांगितला जातो. या लेखात तो सभागृहाच्या अंगाने मांडला आहे. पैसा कुठून आला, तो कशावर खर्च करावा याची चर्चा कशी झाली आणि त्या चर्चेतून कोणत्या सेवा उभ्या राहिल्या, हा या संस्थेच्या इतिहासाचा कणा आहे. ही चर्चा ज्यांनी चालवली ते अनेक पक्षांचे, अनेक गावांचे आणि अनेक पिढ्यांचे लोक होते. श्रेय त्या सगळ्यांचे आहे.

१९५० आणि १९६० चे दशक : कारखाने आले, गावे तीच राहिली

फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि सिंधी कुटुंबांनी तिथे नव्याने संसार मांडला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र सरकारचा कारखाना पिंपरीत स्थापन झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. पाहता पाहता टेल्को, बजाज ऑटो, एसकेएफ, सँडविक अशी नावे आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, दापोडीच्या पाट्यांवर झळकू लागली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सातारा, सांगली आणि राज्याबाहेरूनही माणसे कामाला आली.

कारखान्यांना महामंडळ पाणी देत होते, रस्ते देत होते. कामगार मात्र राहत होता तो ग्रामपंचायतीच्या हद्दीत. घरपट्टीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या ग्रामपंचायतीपुढे चाळीच्या चाळी उभ्या राहत होत्या. त्यांना नळ हवे होते, गटारे हवी होती, दिवे हवे होते, मुलांना शाळा हव्या होत्या. गावकीच्या हिशोबाने चालणारा कारभार या संख्येला पुरा पडणे शक्य नव्हते. चार गावांनी वेगवेगळे झगडण्यापेक्षा एकत्र येऊन नगरपालिका करावी, हा विचार याच काळात मूळ धरू लागला. हवेली तालुक्यात दीर्घकाळ काम केलेले नेते अण्णासाहेब मगर यांनी तो पुढे नेला. गावागावांतल्या जाणत्या मंडळींनी त्यांना साथ दिली. आपली पंचायत, आपला सरपंच सोडून मोठ्या संस्थेत विलीन होणे कोणत्याही गावाला सोपे नसते. या चार गावांनी ती तयारी दाखवली, याची नोंद कृतज्ञतेने व्हायला हवी.

१९७० चे दशक : नगरपालिका आणि जकातीचा आधार

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून पिंपरी चिंचवड नगरपालिका अस्तित्वात आली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष झाले. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या लाखाच्या घरात होती. १९८१ मध्ये ती अडीच लाखांवर गेली. दहा वर्षांत अडीचपट माणसे येतात, तेव्हा आज घातलेली जलवाहिनी चार वर्षांत अपुरी पडते. नगरपालिकेच्या सुरुवातीच्या सभांपुढचा पेच हाच होता.

त्या पेचातून वाट काढायला हात दिला तो जकातीने. हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा हा कर कारखानदारीच्या शहरात भरभरून मिळू लागला. पोलाद, सुटे भाग, रसायने, यंत्रे असा माल रोज येत होता आणि पावती फाडूनच पुढे जात होता. राज्यातल्या इतर नगरपालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसत असताना पिंपरी चिंचवडला स्वतःच्या उत्पन्नावर योजना आखता आल्या. पुढे आशिया खंडातली सर्वांत श्रीमंत स्थानिक संस्था असा जो लौकिक झाला, त्याची पायाभरणी या नाक्यांवर झाली. ऊन, पाऊस आणि रात्रपाळी सोसत नाक्यांवर बसलेल्या कारकून, निरीक्षक आणि शिपायांचा या संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा आहे.

पैसा आला तशी तो कुठे घालावा याची चर्चाही वाढली. गावठाणातल्या सदस्यांना जुन्या वस्तीतली गटारे आधी हवी होती, तर कामगार वसाहतींतून रस्ते आणि दिव्यांची मागणी येत होती. कामावर जाणाऱ्यांना बस हवी होती. १९७४ मध्ये नगरपालिकेने स्वतःची परिवहन सेवा सुरू केली आणि पीसीएमटीच्या बस शहरात धावू लागल्या. जेमतेम चार वर्षांच्या नगरपालिकेने बससेवा चालवायला घेणे हे मोठे धाडस होते. कारखान्यांच्या पाळ्यांची वेळ आणि बसची वेळ जुळली पाहिजे, हा आग्रह तेव्हापासून धरला गेला.

याच सुमारास, १४ मार्च १९७२ रोजी, पिंपरी चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. निगडी आणि आकुर्डी भागात आखीव पेठा उभ्या राहिल्या. घरे प्राधिकरणाने बांधायची आणि रोजचे पाणी, कचरा, दिवे पालिकेने पाहायचे, अशी विभागणी झाली. दोन संस्थांच्या हद्दी, हिशोब आणि जबाबदाऱ्या जुळवून घेताना दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना आणि सदस्यांना बरीच शिकस्त करावी लागली.

१९८० चे दशक : महानगरपालिका, पहिली महासभा

११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आसपासची आणखी गावे हद्दीत आली आणि क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटर झाले. पहिले प्रशासक म्हणून हरनाम सिंग यांनी काम पाहिले. त्या वेळी खेड मतदारसंघाचे खासदार असलेले प्रा. रामकृष्ण मोरे देहूचे. शहराच्या राजकीय आणि सामाजिक घडणीत त्यांचा सहभाग मोठा होता. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

१९८६ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले. येथून खऱ्या अर्थाने सभागृहाचा कारभार सुरू झाला. त्याची चौकट मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने ठरवून दिली होती. हा कायदा पाणी, मलनिस्सारण, साफसफाई, दिवे, प्राथमिक शाळा यांना बंधनकारक कर्तव्य मानतो, तर नाट्यगृहे, उद्याने, बससेवा अशा कामांना ऐच्छिक ठरवतो. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतात, १६ सदस्यांची ही समिती त्यात फेरफार सुचवते आणि मग ते महासभेपुढे येते. महासभेत उपसूचना मांडल्या जातात, काही स्वीकारल्या जातात, काही फेटाळल्या जातात आणि नवे आर्थिक वर्ष उजाडण्याआधी अंदाजपत्रकावर शिक्कामोर्तब होते.

कागदावर ही प्रक्रिया कोरडी वाटते. प्रत्यक्षात मार्च महिना आला की सभागृहात शहराचा नकाशाच उलगडला जातो. कोणत्या प्रभागात पाणी कमी दाबाने येते, कोणत्या शाळेचे छत गळते, कोणती स्मशानभूमी रस्त्यावाचून अडली आहे, हे सगळे उपसूचनांतून पुढे येते. वर्षाच्या मधल्या काळात एका लेखाशीर्षावरची रक्कम दुसरीकडे वळवायची तर वर्गीकरणाचा विषय आणावा लागतो आणि त्यावरही सदस्य खडे सवाल करतात. विषयपत्रिका वाचून, जुने ठराव शोधून, हिशोबाची पाने चाळून सभेला येणाऱ्या नगरसेवकांची एक परंपरा या काळात तयार झाली. त्यांच्यात वकील होते, शेतकरी होते, कामगार संघटनांत तयार झालेले कार्यकर्ते होते, पहिलवान होते आणि दुकानदारही होते. त्यांची भाषणे टिपून कार्यवृत्तांत तयार करणारा नगरसचिव विभाग हा या परंपरेचा अबोल आधार आहे.

या दशकातला सर्वांत दूरगामी निर्णय आरोग्याचा होता. संत तुकारामनगर येथे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले आणि १९८९ मध्ये सुरू झाले. लोक त्याला वायसीएम म्हणतात. शेकडो खाटांचे रुग्णालय चालवणे म्हणजे दरवर्षी डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि यंत्रसामग्री यांचा न संपणारा खर्च. मावळ, खेड, मुळशी, देहू, आळंदी, चाकण या भागांतले रुग्णही येथे येऊ लागले, तेव्हा हद्दीबाहेरच्या रुग्णांचा भार शहराने किती उचलावा हा प्रश्न निघणे स्वाभाविक होते. महामार्गावर अपघात झालेल्या माणसाला पत्ता विचारून दाखल करता येत नाही. महापालिकेने दार सर्वांना उघडे ठेवले आणि तरतूद वाढवत नेली.

१९९० चे दशक : आरक्षण, विकास आराखडा आणि नवी गावे

१९९१ च्या जनगणनेत शहराने पाच लाखांचा आकडा ओलांडला. दशकभरात लोकसंख्या पुन्हा दुप्पट झाली होती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि १९९३ पासून ती अमलात आली. महिलांसाठी जागा राखीव झाल्याने सभागृहाचा चेहरा पालटला. पाणी किती वाजता येते, रेशनच्या दुकानापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवा आहे का, बालवाडीत शौचालय आहे का, हे प्रश्न ज्यांच्या रोजच्या जगण्याचे होते, त्या स्वतः बोलायला उभ्या राहिल्या. महिला व बालकल्याण समितीच्या तरतुदींना वजन आले. मंगला कदम, अपर्णा डोके, वैशाली घोडेकर, मोहिनी लांडे, शकुंतला धराडे, उषा ढोरे या महिला महापौरांनी पुढच्या काळात सभागृहाचे कामकाज चालवले. २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या.

जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यापाठोपाठ १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, दिघी, रावेत, किवळे, मामुर्डी, पुनावळे आदी अठरा गावे शहरात आली आणि हद्द एकदम दुपटीच्या आसपास, सुमारे १७० चौरस किलोमीटरपर्यंत पसरली. शहर आता थेट देहूच्या शिवेला आणि आळंदीच्या वेशीला भिडले. इंद्रायणीचा दक्षिण काठ महापालिकेच्या हद्दीत आला.

या गावांच्या प्रतिनिधींनी सभागृहात एक नवा सूर आणला. आमच्याकडून कर घेता, तर पाणी आणि ड्रेनेज कधी देणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. जमिनींवर पडलेल्या आरक्षणांबद्दल शेतकऱ्यांच्या मनात धास्ती होती. मध्यवर्ती भागातले रस्ते आधीच रुंद झालेले आणि समाविष्ट गावांत पावसाळ्यात चिखल तुडवावा लागे, ही तफावत डोळ्यांत भरणारी होती. सभागृहाने या गावांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या, टप्प्याटप्प्याने जलवाहिन्या आणि मलनिस्सारण वाहिन्या टाकल्या, पाण्याच्या टाक्या बांधल्या. हे काम संथ झाले, पण थांबले नाही. चिखली, मोशी, चऱ्होली या भागांतली आजची वस्ती पाहिली तर त्या तरतुदींची गरज किती खरी होती हे समजते.

२००० ते २०१० : मोठे प्रकल्प, मोठे आकडे

नव्या शतकाच्या आरंभी शहराने दहा लाखांची संख्या गाठली. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले आणि पिंपरी चिंचवडने त्याचा चांगला लाभ घेतला. दिलीप बंड आयुक्त असताना रस्ते रुंदीकरणाने वेग घेतला. जुन्या मुंबई पुणे महामार्गावर ग्रेड सेपरेटर झाले, बीआरटीचे मार्ग आखले गेले, मैलाशुद्धीकरण केंद्रे वाढली. दुर्बल घटकांसाठी चिखलीत घरकुल योजना हाती घेतली गेली. मूळ संकल्प १३,२५० सदनिकांचा होता. जमीन, खर्च आणि लाभार्थींच्या हिश्श्याचा हिशोब जुळवताना योजना आटोपशीर करावी लागली. तरीही भाड्याच्या खोलीत आयुष्य गेलेल्या हजारो कुटुंबांना स्वतःच्या घराची किल्ली मिळाली.

२००७ मध्ये पीसीएमटी आणि पुण्याची पीएमटी यांचे एकत्रीकरण होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली. संचलनातल्या तुटीचा ६० टक्के भार पुण्याने आणि ४० टक्के पिंपरी चिंचवडने उचलायचा असे ठरले. आपल्या शहराला वाट्याच्या प्रमाणात बस मिळतात का, हा प्रश्न तेव्हापासून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत विचारला जातो आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. निगडीहून देहूला, देहूहून आळंदीला जाणाऱ्या बस याच सेवेचा भाग आहेत. वारकरी, विद्यार्थी आणि तळवडे, चाकणच्या कारखान्यांत जाणारे कामगार त्यांवर विसंबून असतात.

पाण्याची कहाणी मात्र हे दशक सरता सरता अवघड वळणावर आली. पवना धरणाचे पाणी नदीत सोडले जाते, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होते. वाटेत होणारी गळती आणि प्रदूषण टाळावे म्हणून धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंदिस्त जलवाहिनी टाकण्याचा निर्णय झाला. मावळातल्या शेतकऱ्यांना आपले पाणी जाईल ही भीती वाटत होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला आणि काम स्थगित झाले. शहराच्या नळाचे पाणी कोणाच्या तरी शेताशेजारून येते, याची जाणीव त्या दिवसाने सगळ्यांना करून दिली. २०२३ मध्ये राज्य शासनाने स्थगिती उठवली. मावळच्या शेतकऱ्यांचा विश्वास संपादन करूनच या कामाला पुढे जावे लागेल.

२०११ ते २०२० : जकात गेली, हिशोब बदलला

२०११ मध्ये लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर पोचली. १०५ सदस्यांचे सभागृह २०१२ मध्ये १२८ सदस्यांचे झाले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०१३ रोजी, संस्थेचा चार दशकांचा आर्थिक आधार असलेली जकात बंद होऊन स्थानिक संस्था कर आला. दोन वर्षांत तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. जकातीचे पैसे रोज तिजोरीत जमा होत. आता शासनाकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याची वाट पाहणे आले.

याचा परिणाम सभागृहातल्या चर्चेवर झाला. पूर्वी खर्च कुठे करायचा यावर जोर असे, तर आता उत्पन्न कसे वाढवायचे हाही तेवढाच महत्त्वाचा विषय झाला. मिळकतकर, बांधकाम परवानगी शुल्क, पाणीपट्टी यांचे दर ठरवताना सदस्यांची खरी कसोटी लागे. मतदाराला दरवाढ नको असते आणि सेवा मात्र वाढीव हवी असते. अवैध बांधकामांवरच्या शास्तीकराचा प्रश्न तर वर्षानुवर्षे गाजला. अर्धा गुंठा, एक गुंठा जागेत कष्टाने घर बांधलेल्या कामगाराला मूळ कराच्या दुप्पट शास्ती भरणे अशक्य होते. सर्व पक्षांच्या सदस्यांनी यावर आवाज उठवला, शासनाकडे पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये शास्तीकराच्या माफीचा शासन निर्णय निघाला.

१५ ऑगस्ट २०१३ रोजी आयुक्त डॉ. श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत सारथी ही मदतवाहिनी सुरू झाली. खड्डा, बंद दिवा, न उचललेला कचरा यांची तक्रार नागरिक थेट नोंदवू लागले. नगरसेवकाच्या घराची पायरी चढण्याखेरीज आणखी एक वाट मोकळी झाली. नाशिक फाट्यावर भारतरत्न जे. आर. डी. टाटा यांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल झाला. निगडीच्या भक्ती शक्ती उद्यानात, शिवराय आणि तुकोबा यांच्या भेटीच्या शिल्पाजवळ, २०१८ मध्ये १०७ मीटर उंचीचा राष्ट्रध्वज फडकला. चिखलीत तुकोबांच्या नावाने संतपीठ उभारण्याचा ठराव झाला. त्याच्या खर्चावर आणि अभ्यासक्रमावर सभागृहात तपशीलवार चर्चा झाली आणि आधुनिक शिक्षणाला संतविचारांची जोड देणारी शाळा तिथे सुरू झाली. जून २०१७ मध्ये शहराची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली.

नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. सर्वांना समान आणि पुरेशा दाबाने पाणी मिळावे म्हणून घेतलेला हा निर्णय नागरिकांना जड गेला. रोज पहाटे वॉल सोडायला जाणाऱ्या वॉलमनला त्याची झळ सर्वांत आधी लागली. सभागृहात या विषयावर जितके तास बोलले गेले, तितके क्वचितच दुसऱ्या कशावर बोलले गेले असतील.

मार्च २०२० मध्ये नगरपालिकेच्या स्थापनेला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात करोनाने शहरात पाऊल टाकले. सभा दूरदृश्य प्रणालीवर भरू लागल्या. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियममध्ये जम्बो रुग्णालय उभारले गेले, ऑटो क्लस्टरमध्ये खाटा लागल्या, वायसीएम रात्रंदिवस चालू राहिले. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, स्मशानभूमीतले कर्मचारी यांनी जे केले ते कोणत्याही अंदाजपत्रकात मावणारे नाही. सेवेत असताना प्राण गमावलेल्या कर्मचाऱ्यांना हा लेख आदरांजली वाहतो.

२०२१ पासून पुढे : प्रशासकीय काळ आणि आजचे काम

जून २०२१ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा मोठा भाग महापालिकेकडे आला. १३ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने प्रशासकीय कारभार सुरू झाला. आयुक्त हेच प्रशासक म्हणून स्थायी समिती आणि महासभेचे अधिकार वापरू लागले. या काळात अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवण्यावर भर दिला गेला. महिला बचत गटांमार्फत मिळकतकराची बिले घरोघरी पोचवण्याचा सिद्धी उपक्रम राबवला गेला. मोशीत कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याच वर्षी महापालिकेने २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे बाजारात आणले. २०२५ मध्ये हरित कर्जरोखेही आले. एकेकाळी जकात नाक्यावर पैसा जमवणारी संस्था आता गुंतवणूकदारांपुढे आपला ताळेबंद ठेवू लागली. २०२५-२६ चे अंदाजपत्रक केंद्र व राज्याच्या योजनांसह ९,६७५ कोटी रुपयांचे होते.

शेजारी देहूतही याच काळात मोठा बदल झाला. देहू, आळंदी आणि आसपासची गावे महापालिकेत घ्यावीत असा विचार अधूनमधून मांडला गेला होता. देहूने मात्र ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीचा मार्ग धरला. १७ नगरसेवकांच्या या नगरपंचायतीची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली. जून २०२२ मध्ये तुकोबांच्या शिळा मंदिराचे लोकार्पण झाल्यावर भाविकांची वर्दळ आणखी वाढली. वारीच्या दिवसांत लाखोंची व्यवस्था करायची आणि एरवी आपल्या रहिवाशांना पाणी, कचरा, रस्ते द्यायचे, अशी दुहेरी जबाबदारी या लहान सभागृहावर आहे. नदी एकच आहे. देहूपासून तळवडे, चिखली, मोशीकडून आळंदीला जाणारी इंद्रायणी स्वच्छ ठेवायची तर दोन्ही सभागृहांना एकमेकांच्या ठरावांची दखल घ्यावीच लागते.

पाण्याच्या आघाडीवर नवी भर पडली आहे. आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीवर निघोजे येथे उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. आंद्रातून रोज १०० दशलक्ष लिटर आणि भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर अशी ही योजना आहे. पहिल्या टप्प्याचा लाभ समाविष्ट गावांना मिळू लागला आहे.

मे २०२५ मध्ये संपूर्ण शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारो हरकती आल्या. नागरिकांनी नकाशे पाहून, गट क्रमांक तपासून, लेखी म्हणणे मांडले. जवळजवळ चार वर्षे सभागृह रिकामे असतानाही शहराच्या खर्चाविषयी आणि जमिनीविषयी बोलण्याची सवय लोकांनी सोडली नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर महासभा पुन्हा भरू लागली. अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह या आठ क्षेत्रीय कार्यालयांमार्फत रोजचा कारभार चालतो आणि प्रभाग समित्या, विधी, शहर सुधारणा, महिला व बालकल्याण, क्रीडा, कला, साहित्य व सांस्कृतिक समिती यांची रचना कायद्याने ठरलेली आहे. भामा आसखेडचे पाणी शहरात आणून दिवसाआडचा पुरवठा रोजचा करणे, पिंपरीहून निगडीच्या भक्ती शक्ती चौकापर्यंत मेट्रो नेणे, पवना आणि इंद्रायणीत जाणारे सांडपाणी रोखणे आणि विकास आराखड्यातल्या आरक्षणांचा निकाल लावणे ही शहरापुढची मोठी कामे आहेत. त्यांतल्या प्रत्येक कामासाठी लागणारी तरतूद येत्या अंदाजपत्रकांत, उपसूचनांसह, याच महासभेपुढे येणार आहे.